जुन्या घरातली विटांची फायरप्लेस: उघडीच ठेवावी, इन्सर्ट बसवावा की गॅस घ्यावा?

अबोली

बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात १९६२ साली बांधलेलं दुमजली घर घेतलं आहे. दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आहे. मापं अशी:

तोंड ३६ इंच रुंद, ३० इंच उंच. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, तीन बाजूंनी उघड्यावर. आत भाजलेल्या मातीचा चौकोनी फ्लू (धूर वर नेणारी नळी), आतून १० बाय १० इंच. तळापासून टोकापर्यंत अंदाजे २४ फूट. घशातली लोखंडी झडप गंजली आहे, पूर्ण मिटत नाही. विटांवर पांढरी पूड दिसते.

पेटवल्यावर पहिली १०-१५ मिनिटं धूर सरळ खोलीत येतो. नंतर कमी होतो, पण तोंडाच्या वरच्या कडेने थोडा थोडा येतच राहतो. स्वयंपाकघर त्याच मजल्यावर आहे आणि फोडणीच्या धुरासाठी ९०० सीएफएमचा हूड आहे. घरात दोन वर्षांचं मूल आहे. नैसर्गिक वायूची लाइन घरात आलेली आहे.

वापर शनिवार-रविवार, आणि हिवाळ्यात वादळाने वीज गेली तर ऊब हवी. अशा वेळी काय निवडावं आणि निगा कशी राखावी?

वीटकाम

निवड नंतर करा, आधी चिमणी तपासा. तुम्ही काय बसवू शकता आणि काय नाही, हे चिमणी ठरवते. दुकानात आधी गेलात तर ते समोरचं तोंड मोजून काहीतरी विकतील.

घर विकताना-घेताना किंवा इंधन, उपकरण बदलताना एनएफपीए २११ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे लेव्हल २ तपासणी व्हायला हवी. यात फ्लूमधून कॅमेरा फिरवतात आणि माळा, तळघर अशा जिथे पोचता येतं तिथून चिमणी बाहेरूनही बघतात. घर घेताना होणाऱ्या नेहमीच्या पाहणीत बॅटरी मारून वर बघतात, ती ही तपासणी नव्हे. सीएसआयए या अमेरिकेतल्या चिमणी-सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र असलेला स्वीप (चिमणी तपासणारा, साफ करणारा) बोलवा आणि व्हिडिओ स्वतःकडे ठेवा. त्यात बघायचं ते हे: मातीच्या नळ्यांना उभ्या चिरा, दोन नळ्यांमधल्या सांध्यातला निघालेला मसाला, आणि झडपेच्या वरचा धूरकोठा. १९६०च्या आसपासच्या घरांत धूरकोठ्याच्या विटा बऱ्याचदा पायऱ्यापायऱ्यांनी आत आणून तशाच सोडलेल्या असतात. त्या पायऱ्यांवर धूर अडखळतो आणि काजळी साचते. उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा गुळगुळीत गिलावा केला की दोन्ही कमी होतं.

आता धूर. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी दिसतात.

पहिल्या १०-१५ मिनिटांचा धूर हा थंड चिमणीचा. चिमणी तीन बाजूंनी उघडी, म्हणजे जानेवारीत आतली हवा बाहेरच्याइतकीच गार आणि जड. ती खाली बसते. झडप उघडून हात वर धरला तर गार झोत हाताला लागेल. अशा वेळी वर्तमानपत्राचा एक सैल बोळा पेटवून झडपेजवळ धरा किंवा हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं वर गरम हवा सोडा. ओढ उलटली की मगच खाली पेटवा.

नंतरही कडेने येणारा धूर हा मापाचा प्रश्न आहे. उघड्या फायरप्लेसला चौकोनी फ्लूचं आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या किमान एक दशांश लागतं (गोल फ्लू असेल तर बारावा भाग चालतो). तुमचं तोंड ३६ × ३० = १०८० चौरस इंच, म्हणजे १०८ हवेत. आहेत १००. तोंडाच्या वरच्या कडेला ३ इंचांची धातूची पट्टी आडवी बसवली की ३६ × २७ = ९७२ होतात आणि हिशेब जुळतो. कायमची बसवण्याआधी जाड ॲल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा आणि एकदा जाळून बघा. धूर थांबला तर निदान बरोबर.

हूडचं मात्र गंभीरपणे घ्या. ९०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा घराबाहेर. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि बंद खिडक्यांच्या घरात सर्वांत सोपी वाट असते चिमणी. म्हणूनच ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला भरपाईची हवा आत आणण्याची वेगळी सोय लागते, तसं निवासी इमारतींच्या संहितेत आहे. तुमच्याकडे ती आहे का बघा. कसोटी सोपी: आग नसताना झडप उघडा, तोंडाशी उदबत्ती धरा, मग कुणाला तरी हूड पूर्ण वेगात लावायला सांगा. धूर खोलीकडे वळला तर पेटत्या आगीतही तेच होईल. आणि निखारे विझत आलेले असताना हे झालं तर खोलीत येतो तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास.

पांढरी पूड आणि गंजलेली झडप दोन्ही एकच सांगतात: पाणी मुरतंय. वरची टोपी आहे का, माथ्यावरचं काँक्रीट तडकलंय का, छत आणि चिमणीच्या सांध्यातला पत्रा सुटलाय का, या क्रमाने बघा. माथ्याच्या काँक्रीटची कड विटांच्या बाहेर दोनेक इंच यायला हवी, म्हणजे पाणी विटांवरून न ओघळता बाहेर टपकतं. तुमच्याकडच्या थंडीत पाणी चिरेत शिरतं, गोठतं, फुगतं आणि दर हिवाळ्यात चीर रुंद करतं. बाहेरून विटांना रंग किंवा प्लास्टिकसारखा लेप कधीही देऊ नका, आतली ओल अडकून विटांचे पापुद्रे सुटतात. वाफ बाहेर जाऊ देणारं सिलॉक्सेनचं जलरोधक वापरा, तेही सगळी दुरुस्ती झाल्यावर.

एवढं करताना टोकाची उंचीही मोजून घ्या: छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्यापेक्षा २ फूट उंच. आणि खालची फरशी: तुमचं तोंड साडेसात चौरस फूट आहे, म्हणजे समोर किमान २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच न जळणारी फरशी हवी. लहान तोंडाला पुरणाऱ्या १६ इंचांवर बरेच जण थांबतात.

उत्तरायण

वीटकाम यांनी पाया घातला आहे, त्यावर निवडीबद्दल.

उघडी फायरप्लेस दिसायला सुंदर, पण तापवण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. लाकडातली साधारण दहा टक्केच उष्णता खोलीत राहते, आणि आग खोलीतली तापलेली हवा सतत वर ओढत असते. कडाक्याच्या थंडीत त्या खोलीपुरतं गरम वाटतं आणि मागच्या खोल्या आणखी गार होतात. वीज गेल्यावर ऊब हवी असेल तर उघडी आग तुमच्या कामाची नाही.

लाकडाचा इन्सर्ट, म्हणजे तोंडात बसणारी काचेच्या दाराची बंद भट्टी, हे याचं उत्तर. आजचे इन्सर्ट सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा वर जातात. १५ मे २०२० पासून अमेरिकेत नवीन विकल्या जाणाऱ्या भट्टीला ईपीएची (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेची) मर्यादा आहे: ठरावीक मापाच्या चौकोनी लाकडाच्या चाचणीत तासाला २ ग्रॅम धूर, किंवा साध्या सरपणाच्या चाचणीत २.५ ग्रॅम. त्याआधीची जुनी भट्टी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

लायनरशिवाय, म्हणजे जुन्या फ्लूच्या आतून सोडलेल्या धातूच्या नळीशिवाय, इन्सर्ट बसवू नका. कुणी "नुसता आत सरकवून देतो, चिमणी आहेच की" म्हणालं तर त्याला परत पाठवा. कारण असं: बंद भट्टीचा धूर कमी आणि संथ असतो. तो १०० चौरस इंचांच्या थंड फ्लूत शिरला की पसरतो, गार होतो आणि भिंतींवर क्रिओसोट म्हणजे डांबरट काजळी धरतो. नियमही तेच सांगतो. चिमणी बाहेरच्या भिंतीत असेल तर फ्लूचं क्षेत्रफळ भट्टीतून धूर बाहेर पडतो त्या तोंडाच्या दुपटीहून जास्त चालत नाही (पूर्ण घराच्या आत असती तर तिप्पट). ६ इंच गोल तोंडाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच, दुप्पट ५६. तुमच्याकडे १००. विषय संपला.

लायनर ६ इंचांचा, स्टेनलेस ३१६टीआय, थेट भट्टीपासून टोपीपर्यंत अखंड. त्यावर अर्ध्या इंचाची सिरॅमिक लोकर आणि जाळी गुंडाळलेली. तुमच्या १० इंची फ्लूत ते आरामात जाईल, अडचण झडपेच्या चौकटीत येते. तिथे चौकट कापावी लागते किंवा लायनर थोडा चपटा करावा लागतो. ते काम झाल्यावर झडपेच्या जागी पोलादी पत्रा लावून, त्यावर खनिज लोकर भरून घसा बंद करून घ्या. बरेच कंत्राटदार हे टाळतात. मग इन्सर्टच्या अंगाची सगळी उष्णता बाहेरच्या विटांना तापवत बसते, आणि लोक म्हणतात की इन्सर्टमध्ये दम नाही.

माप मोठं घेऊ नका. एका दिवाणखान्याला दोन घनफुटांच्या आसपासची भट्टी पुरते. मोठी घेतली की खोली फार तापते, मग माणूस हवा कमी करून लाकूड धुमसत ठेवतो, आणि चिमणीत काजळी साचायची ती अशानेच.

इन्सर्टमधली गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. वीज गेली तर पंख्याशिवायही इन्सर्ट चालतो, पण उष्णता थोडी कमी मिळते. तोंडाच्या बाहेर सात-आठ इंच येणारं मॉडेल घेतलंत तर पंखा नसतानाही पुढचा भाग खोली तापवतो. सपाट, भिंतीत गडप होणारे इन्सर्ट दिसायला छान पण वीज गेल्यावर लंगडे. पुढे आलेल्या मॉडेलसाठी समोरची फरशी किती लांब आणि वरची लाकडी फळी किती दूर हवी, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

मॅसॅच्युसेट्समध्ये याला गावाच्या इमारत निरीक्षकाचा परवाना लागतो. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

निळी ज्योत

दोन वर्षांचं मूल, वापर फक्त शनिवार-रविवारी आणि लाइन घरात आलेली. माझं मत डायरेक्ट व्हेंट गॅस इन्सर्टकडे जातं. पण "गॅस" नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकतात, त्या नीट समजून घ्या.

पहिली, उघड्या फायरप्लेसमध्ये ठेवायचे नकली ओंडके. ही शोभा आहे, उष्णता सगळी वर जाते. झडप मिटणार नाही अशी कायमची पकड लावावीच लागते, म्हणजे चिमणी बारा महिने उघडी.

दुसरी, व्हेंटशिवायची. ही घेऊ नका. जळलेला सगळा वायू खोलीतच राहतो. ३०,००० बीटीयूची अशी शेगडी तासाला साधारण सव्वा लिटर पाण्याची वाफ हवेत सोडते, शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड. थंड खिडक्यांवर पाणी आणि कोपऱ्यांत बुरशी. कॅलिफोर्नियात घरांमध्ये हिला परवानगीच नाही.

तिसरी डायरेक्ट व्हेंट. काच कायम बंद. चिमणीतून दोन लायनर, एकातून बाहेरची हवा जळणासाठी आत येते आणि दुसऱ्यातून जळका वायू बाहेर जातो. खोलीतली हवा ती वापरतच नाही, त्यामुळे तुमच्या ९०० सीएफएमच्या हूडची अडचण इथे जवळपास मिटते.

वीज गेल्यावर: सतत जळणाऱ्या पायलटचं (मुख्य आग पेटवणाऱ्या लहान ज्योतीचं) मॉडेल विजेशिवाय चालतं. इलेक्ट्रॉनिक ठिणगीचं असेल तर बॅटरीची सोय आहे का ते आधी विचारा. सेल आत ठेवून विसरू नका, ते पाझरतात आणि संपर्क गंजतात.

मूल: काच ५०० अंश फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकते, आणि आग विझल्यावरही बराच वेळ गरम राहते. १ जानेवारी २०१५ नंतर बनलेल्या, तापणाऱ्या काचेच्या गॅस फायरप्लेसबरोबर जाळीचा पडदा द्यावाच लागतो. जुनी फायरप्लेस घेतलीत तर तो नसेल. लाकडाचा इन्सर्ट घेतला तर भिंतीला पक्कं केलेलं कुंपण हवंच, नुसता उभा ठेवलेला पडदा मूल ओढून पाडतं.

निगा थोडी पण दरवर्षी: काचेवरचा पांढुरका थर गार काचेवर सिरॅमिक काचेच्या क्लीनरनेच पुसा, अमोनिया असलेला स्प्रे मारला तर काच कायमची धुरकट होते. नकली ओंडके पुस्तिकेतल्या जागीच हवेत, एक जरी ज्योतीत आला तरी काजळी धरते. उन्हाळ्यात बर्नरच्या हवेच्या तोंडाशी कोळी जाळं करतात, मग ज्योत पिवळी, आळशी होते. पायलट वारंवार विझत असेल तर थर्मोपाइलचा (पायलटच्या उष्णतेवर थोडी वीज बनवणाऱ्या भागाचा) विद्युतदाब मोजून घ्या. पायलट पेटलेला असताना साधारण ४०० ते ६०० मिलिव्होल्ट हवेत. जोडणी मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारक गॅसफिटरनेच करायची.

सरपण

लाकडाचं ठरलं तर जळणाकडे भट्टीइतकंच लक्ष द्या. इन्सर्टबद्दलच्या बहुतेक तक्रारी (काच काळी होते, पेटत नाही, ऊब नाही) ओल्या लाकडाच्या असतात.

ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. सुईचं मीटर स्वस्त असतं, पण ते ओंडक्याच्या बाहेरून किंवा टोकाला टोचू नका, तिथे नेहमी कोरडंच दाखवतं. फाक खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मधोमध ताजी फोडा आणि नव्या उघड्या भागावर रेषांच्या दिशेने सुया टोचा. विक्रेता "सीझन्ड" म्हणतो याला काही अर्थ नाही. ॲश झाडाचं लाकूड वर्षभरात वाळतं, मेपलला वर्ष तरी द्या, ओकला दोन उन्हाळे लागतात. बर्च चिरून ठेवा, सालीसकट अख्खा राहिला तर आतून कुजतो. पाइन जाळला की चिमणी पेटते हा समज चुकीचा, वाळलेला पाइन चालतो. फक्त लवकर जळून जातो.

पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फूट, १२८ घनफूट रचलेलं. इथे माप कॉर्डमध्ये किंवा घनफुटांत मागा. "एक गाडी" हे माप नव्हे. शनिवार-रविवारच्या वापराला सुरुवातीला अर्धा कॉर्ड घ्या. भट्टीची खोली बघून लांबी सांगा, बहुतेक लहान इन्सर्टना १६ इंच.

लाकूड जवळचंच घ्या. वुस्टर आणि आसपासच्या गावांत २००८ साली एशियन लाँगहॉर्न्ड बीटल सापडला आणि तो भाग अजून नियंत्रणाखाली आहे. तिथलं सरपण बाहेर न्यायला बंदी आहे. हा किडा मेपल पोखरून मारतो. स्वस्तातली एक गाडी पूर्ण गावाची झाडं घालवू शकते, म्हणून विक्रेत्याला लाकूड कुठलं ते विचाराच.

रचताना जमिनीपासून उंच, पॅलेटवर. फक्त वरून झाका, बाजू उघड्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली की आत घाम धरतो. भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी आणि मुंग्या घरात येतात.

पेटवताना उलट्या क्रमाने: खाली दोन-तीन जाड फाका, त्यावर बारीक, सर्वांत वर काटक्या आणि पेटवण. आग वरून खाली येते, चिमणी आधी तापते, धूर कमी. हवा पूर्ण उघडी ठेवा, लाकूड सगळीकडून काळं होऊन ज्योत धरली की मग टप्प्याटप्प्याने कमी करा. रात्रभर धुमसत ठेवायचं नाही.

रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, दाबाने रसायन भरलेलं कुंपणाचं लाकूड, खोक्यांचा पुठ्ठा, प्लास्टिक यातलं काहीही नको. जुन्या दाबप्रक्रियेच्या लाकडात आर्सेनिक असतं, ते राखेतही उरतं.

मंदा

मध्येच विचारते. फायरप्लेसमध्ये होम किंवा होळीची पूजा करता येईल का? आमच्याकडे अपार्टमेंटमध्ये गॅसची आहे.

निळी ज्योत

गॅसच्या आत काहीही टाकायचं नाही. समिधा, तूप, कापूर, अक्षता, काहीच नाही. बर्नरची भोकं बुजतात आणि पुढच्या वेळी ज्योत भलतीकडून येते. विटांची उघडी फायरप्लेस असेल तर मोजक्या वाळक्या समिधा आणि पळीभर तूप चालेल. अख्खा नारळ नको, आत वाफ कोंडून फुटतो आणि निखारे खोलीत उडतात.

अबोली

सगळ्यांचे आभार. उदबत्तीची कसोटी केली: हूड पूर्ण वेगात लावला की धूर खोलीकडे वळतो, सर्वांत कमी वेगात वळत नाही. फॉइल लावल्यावर कडेचा धूर थांबला. वीज जाणं हा आमच्यासाठी खरा मुद्दा आहे, म्हणून लाकडाच्या इन्सर्टकडे कल आहे. आता दोन प्रश्न: कामांचा क्रम काय ठेवू? आणि नंतर चिमणी किती वेळा साफ करायची?

वीटकाम

क्रम: लेव्हल २ तपासणी, मग पाणी थांबवणं (माथा, पत्रा, टोपी), मग हूडच्या भरपाईच्या हवेची सोय, मग परवाना, लायनर आणि इन्सर्ट. वसंतात सुरुवात करा, सप्टेंबरनंतर स्वीप मिळत नाहीत. धूरकोठ्याचा गिलावा आता सोडून दिलात तरी चालेल, धूर लायनरमधूनच जाणार आहे. फायरबॉक्समधल्या (आग पेटते त्या कोठ्यातल्या) निसटत्या विटा मात्र उष्णतेच्या मसाल्यानेच बसवा. साधं सिमेंट तिथे टिकत नाही, भुकटी होऊन गळतं.

दरपत्रकात इन्सर्ट, लायनर, त्याचं लोकरीचं आवरण, घशाचा पत्रा, टोपी आणि परवाना हे वेगवेगळे लिहून मागा. "लायनर किट" असं एकच मोघम लिहिलं असेल तर त्यात आवरण असेलच असं नाही.

तपासणी वर्षातून एकदा, साफसफाई गरजेप्रमाणे: काजळीचा थर एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर झाला की घासायचीच. पहिल्या हिवाळ्यात मध्यावरही एकदा बघा, तुमचं लाकूड आणि हवा कशी आहे ते तेव्हाच कळेल. भुरभुरीत काजळी ब्रशने निघते. काळे, चकचकीत पापुद्रे जोर लावून निघतात. डांबरासारखा वितळून बसलेला चकाकता थर ब्रशला दाद देत नाही. तो दिसला तर जाळणं थांबवून स्वीपला बोलवा. लायनरला साध्या पोलादी तारेचा ब्रश लावू नका, तुटलेल्या तारांमुळे गंज धरतो. पॉली ब्रश वापरा. जाळायच्या "क्लीनिंग लॉग"ने थर सैल होतो, निघत नाही.

दाराची दोरीसारखी गॅस्केट दरवर्षी तपासा: दारात डॉलरची नोट अडकवून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा शिरते आणि आग तुमच्या ताब्यात राहत नाही.

उत्तरायण

राखेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. तळाशी इंचभर राख राहू द्या, निखारे तग धरतात. काढायची ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि डबा घराबाहेर दगड-काँक्रीटवर. लाकडी डेकवर, गॅरेजमध्ये किंवा कागदी पिशवीत कधीच नको. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

चिमणीत आग लागली तर भट्टीतून आगगाडी जवळून गेल्यासारखा घुमणारा आवाज येतो. दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ला फोन करा. वरून पाणी ओतू नका, तापलेला फ्लू तडकतो. विझल्यावर पुन्हा लेव्हल २ झाल्याशिवाय पेटवायचं नाही.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मॅसॅच्युसेट्समध्ये राहत्या प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक बेडरूमच्या दारापासून १० फुटांच्या आत लागतात. लहान मूल झोपतं त्या खोलीबाहेरचा अलार्म किती जुना आहे ते आजच मागे वळवून बघा. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते, आणि मुदत संपली असेल तर इन्सर्ट येईपर्यंत थांबू नका.